सुमीचा फोन आला नाही तो उन्हाळा

आज सकाळी आमच्या खुटबावच्या रानात कांदा काढायला सुरुवात झाली. बायका वाफ्यांत ओळीनं बसल्या, विळ्यानं पात कापल्याचा करकर आवाज सुरू झाला आणि तापलेल्या मातीत मिसळून तो उग्र, जरासा गोड वास वर आला. माझा विळा थांबला. दरवर्षी थांबतो. शेजारच्या ओळीतली बाई म्हणाली, "मंगलताई, तोंड का उतरलं तुमचं? यंदा तर कांदा लई भारी हाय." मी हसले. कांदा खरंच चांगला होता.

या वासात माझी धाकटी बहीण आहे, आणि तिचा फोन न आलेला एक अख्खा उन्हाळा आहे.

तिचं नाव सुमन. आम्ही सुमी म्हणतो, पण ही हाक तिनं कळत्या वयात कधी ऐकलेली नाही. आमचं माहेर कवठे येमाई. घरात पूर्वी मेंढरं होती. दिवाळी झाली की आबा, म्हणजे माझे वडील, ती घेऊन कोकणाच्या वाटेला लागायचे आणि उन्हाळ्याच्या शेवटी परत यायचे. कालव्याचं पाणी रानात आलं तसं आबांनी मेंढरं कमी केली आणि आम्ही शेतीवर बसलो. सुमी लहान असताना तिला मोठा ताप आला होता. ताप गेला. पोर खेळायला लागली, खायला लागली, सगळ्यांना वाटलं सुटलो. एकदा माझ्या हातून पाण्याचा रिकामा हंडा तिच्या मागं फरशीवर पडला. दावणीचं शेरडू उडालं, परसातल्या कोंबड्या ओरडल्या. सुमी पाठमोरी बसून चिंचोके मांडत होती, ती मांडतच राहिली. मी हंडा उचलला आणि मुद्दाम पुन्हा टाकला.

आईला जाऊन सांगितलं तर ती म्हणाली, "गप बस. काय बी बोलू नगंस." पण त्या दिवसापासून आई स्वतःच भांडी आदळून बघायला लागली.

माझी वेणी खांद्यावरून पुढं यायची. सुमीनं माझं नाव तेच केलं, खांद्यावरून खाली दोन बोटं ओढायची. आबांसाठी डोक्याभोवती हात फिरवायचा, कारण त्यांचं पागोटं. आईसाठी गालावर तळवा. भूक, पाणी, कुत्रं, पाऊस, राग, खोटं बोलतेस, मला पण ने, या सगळ्याच्या खुणा आम्ही दोघींनी अंगणात बसून बनवल्या. बाकीच्यांना त्यातल्या चार-दोनच यायच्या. त्यामुळं सुमीला काही सांगायचं झालं की माझ्या नावानं हाक व्हायची, आणि सुमीला काही म्हणायचं असलं की ती आधी मला शोधायची. गावातली पोरं तिला मुकी म्हणायची. मी कुणाकुणाच्या अंगावर धावून गेले, त्याचा हिशेब नाही. पोरीची जात असून दगड घेऊन पळते, म्हणून आईचा मारही खाल्ला.

पुढं ती मुक्या-बहिऱ्यांच्या निवासी शाळेत गेली, लांब मिरजेच्या बाजूला. तिथं लिहायला शिकली, शिवण शिकली आणि घशातून एक शब्द काढायला शिकली: "आका." अक्का म्हणायचं असायचं तिला. जाडाभरडा, मध्येच तुटणारा आवाज. पण तो फक्त माझ्यासाठी होता.

माझं लग्न होऊन मी खुटबावला आले आणि दोन-तीन वर्षांनी सुमी बंगळूरला गेली. शाळेच्याच ओळखीनं तिथल्या एका कपड्यांच्या कारखान्यात शिवणाऱ्या मुली हव्या होत्या. आईनं आकांत केला. "शिरूरला दुकान टाकून दिऊ की तिला. पिको-फॉल करंल, आपल्या डोळ्याम्होरं ऱ्हाईल." सुमीनं ऐकलं नाही. ऐकू न येणाऱ्याबद्दल असं लिहिताना विचित्र वाटतं, पण आमच्या घरात सगळ्यात जास्त न ऐकणारी तीच होती. ती गेली. दौंड स्टेशनवर तिला गाडीत बसवताना मी तिला सारखी एकच खूण करत होते: फोन कर, फोन कर. ती हसत होती. बहिऱ्या बहिणीला फोन कर म्हणणारी मीच.

पण तिनं केला. ती राहायची त्या वसतिगृहाच्या बाई महिन्यातून दोन-तीनदा, रविवारी, आमच्या गावातल्या बाबूलालमामांच्या दुकानात फोन लावायच्या. बाबूलालमामांचं किराणा दुकान मशिदीच्या अंगाला, आजोबापासूनचं. ते पोराला पिटाळायचे, मी असेन तशी पळत यायचे. आधी त्या बाई तुटक हिंदीत सांगायच्या, "सुमन अच्छी है." मग रिसीव्हर सुमीकडं जायचा. ती म्हणायची, "आका." आणि मग नखानं रिसीव्हरवर वाजवायची, टकटक, टकटक. मी इकडून बोलत राहायचे. जेवलीस का, थंडी आहे का तिकडं, आई बरी आहे. तिला यातलं काही कळत नाही हे मला माहीत होतं, दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही माहीत होतं. कुणी हसलं तर बाबूलालमामा डोळे वटारायचे.

त्या वर्षी कांदा काढायला आला आणि रविवार कोरडा गेला. पुढचाही गेला. मी मनाशी म्हटलं, सुट्टी असेल, बाई गावाला गेल्या असतील. तिसऱ्या रविवारी मी सकाळपासून दुकानाच्या पायरीवरच बसले. मामांनीच मग नंबर फिरवला. घंटी वाजत राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. पुन्हा तेच. असं करता करता एका दुपारी कुणीतरी उचलला. पुरुषाचा आवाज होता. मामा हिंदीत विचारत होते, "सुमन, सुमन, बहरी लडकी, हॉस्टेल..." तो माणूस जोरानं काहीतरी बोलत होता. मला रिसीव्हरबाहेरसुद्धा एकच शब्द ऐकू येत होता. "इल्ला. इल्ला." फोन ठेवला गेला.

"काय म्हणला, मामा?"

मामा माझ्याकडं न बघता तराजू पुसायला लागले. "कानडी हाय ते. इल्ला म्हंजी न्हाई."

"न्हाई म्हंजी काय न्हाई? हॉस्टेल न्हाई, का सुमी न्हाई?"

"मला तरी कुठं कळतंय, पोरी. न्हाई म्हणला, एवढंच."

तो शब्द घेऊन मी रानात आले. आमचं रान रेल्वेच्या रुळाला लागून आहे. बंगळूरकडं जाणारी गाडी खुटबावला थांबत नाही, आमच्या बांधाच्या कडेनं धडधडत निघून जाते. इतके दिवस ती गेली की मला बरं वाटायचं, सुमीच्या गावाला काहीतरी चाललंय म्हणून. आता गाडी आली की मी खाली बघायचे. पात कापताना विळा बोटाला लागला. सासूबाईंनी चिंधी बांधता बांधता विचारलं, "जीव कुठं ठिवलाय तुझा?" मी सांगितलं. त्यांनी चिंधीची गाठ घट्ट केली.

आता विचार करते तर त्या दिवसांत मला भीती नेमकी कशाची होती ते नाव घेऊन सांगता येत नाही. कुठल्याही गोष्टीची होती. ती रस्ता ओलांडत असेल आणि मागून बस येत असेल. तिच्या खोलीला आग लागली असेल आणि बाहेरून लोक दार वाजवत असतील. कुणीतरी तिला फसवून कुठंतरी नेलं असेल आणि तिला ओरडता येत नसेल. ऐकू येणारी बहीण लांब असली तर निदान असं वाटतं की संकटात ती हाक मारेल. सुमीजवळ ती हाकही नव्हती. जेवताना, भांडी घासताना, पोराला झोपवताना मला एकसारखी ती तोंड उघडून उभी दिसायची, आवाजाविना.

मी नवऱ्याला म्हटलं, मला जायचंय. सासूबाई आतून म्हणाल्या, "एवढा कांदा उघड्यावर हाय. वळीव कवा यील सांगता येत न्हाई. आन् तू बंगलोरला चालली व्हय?"

नवरा म्हणाला, "जाऊ दे तिला. हितं आसून तरी कुठं हाय ती."

सकाळी बघते तर सासूबाईंनी भाकरी, लसणाची चटणी आणि वरून कांदे, सगळं फडक्यात बांधून ठेवलेलं.

माझा निरोप मिळताच आबा कवठ्याहून शिरूरला गाडी बदलून दौंडला आले. भर उन्हाळ्यात खांद्यावर घोंगडी. येताना आईनं त्यांना बजावलं होतं, "पोरीला घेतल्याबिगर माघारी येऊ नगा." आबांनी तेवढंच मला सांगितलं आणि गाडी येईपर्यंत रुळाकडं बघत उभे राहिले. गाडीत बसल्यावर सोलापूर गेलं, मग स्टेशनांच्या पाट्यांवरची अक्षरं बदलली. चहावाल्याची हाकसुद्धा ओळखू येईना. आबा खिडकीबाहेर बघत होते. एकदम म्हणाले, "मेंढरू चुकलं तर माघारी वाटंनं जाऊन हुडकता येतं. हितं वाट कुठली धरायची?"

मी म्हटलं, "आबा, पत्ता हाय आपल्याकडं."

"व्हय. पत्ता हाय," ते म्हणाले. दोघांनाही त्याचा धीर वाटला नाही.

त्या पत्त्यावर कुलूप होतं. रिक्षावाल्यानं बरोबर आणून सोडलं होतं, इमारत तीच होती, पण दारावरची पाटी काढलेली आणि जागोजाग चुन्याच्या गोण्या रचलेल्या. आतून एक गवंडी आला. त्यानंही तेच म्हटलं: इल्ला. आजूबाजूची माणसं जमली. सगळी एकदम बोलत होती, मदत करायच्याच भल्या हेतूनं बोलत असावीत. मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते आणि काही कळत नव्हतं. मी मराठीत बोलत होते, मग हिंदीत, मग नुसती मोठ्यानं. एक बाई माझ्या तोंडाकडं बघत होती. माझ्या आवाजाचा उपयोग नाही हे समजायला मला तेवढा वेळ लागला. मग मी हात वर केले. कानाला बोट लावलं, नकार केला. ओठांना लावलं, नकार केला. छातीपाशी हात धरून 'माझी धाकटी' असं दाखवलं. त्या बाईनं चटकन मान हलवली. समोरच्या रस्त्याकडं बोट करून तिनं दोन्ही हातांनी शिलाई मशीन चालवल्यासारखं केलं. कारखाना.

कारखान्याच्या फाटकावर आम्ही उन्हात उभे राहिलो. पहारेकरी आत सोडेना. सुटी झाली तेव्हा बायकांचा लोंढाच बाहेर आला, सगळ्यांच्या अंगात एकसारखे निळे कोट. आबा टाचा उंचावून बघत होते. मी तोंडं बघत नव्हते, हात बघत होते. आणि फाटकाच्या डाव्या अंगाला मला ते दिसले: तीन-चार मुली घोळक्यात उभ्या, हात भराभर चाललेले. इतके भराभर की मला एक अक्षर लागेना. सुमीच्या आणि माझ्या खुणा त्यात कुठंच नव्हत्या.

मी धावत गेले. माझ्या खुणा त्यांना कळेनात. मी 'सुमन, सुमन' म्हणत राहिले, ते त्यांना ऐकू जायचा तर प्रश्नच नव्हता. त्यातली एक काळीसावळी, ठेंगणी मुलगी माझ्याकडं टक लावून बघत होती. तिनं पुढं होऊन माझ्या हनुवटीच्या खळीवर बोट ठेवलं. तशीच खळी सुमीला आहे. त्या मुलीचे डोळे मोठे झाले. तिनं माझा हात धरला आणि ओढतच निघाली.

तिचं नाव जयम्मा, ते नंतर कळलं. गल्लीतून गल्ली, मग एक अरुंद जिना. दार वाजवायचा प्रश्न नव्हता, तिनं ढकललं. आत चटईवर सुमी निजली होती. वाळून काटकी झालेली, डोळे हळदीसारखे पिवळे. कावीळ. तिनं मान वळवली, मला पाहिलं, मागं घोंगडी घेतलेले आबा पाहिले.

"आका," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ बसते न बसते तोच तिनं मला मारायला सुरुवात केली. त्या कृश हातांनी माझ्या खांद्यावर, दंडावर. मग घाईघाईनं खुणा: आई? आई जिवंत? गालावर तळवा पुन्हा पुन्हा. तुझं पोर? मी म्हटलं, सगळे बरे आहेत. ती रडायला लागली.

तेव्हा उलगडा झाला. वसतिगृह एकाएकी बंद झालं, बाई दुसऱ्या गावी गेल्या. सुमी आणि दोन मुलींनी मिळून ही खोली घेतली. सुमी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन बाबूलालमामांचा नंबर द्यायची, दुकानदार फिरवायचा आणि मान हलवायचा. त्याच सुमारास आमच्याकडच्या फोननंबरांआधी एक आकडा वाढला होता. आम्हाला माहीत होतं, तिला कोण सांगणार? फोनवर कानडीत का हिंदीत सूचना वाजत असेलही, ती दुकानदारानं ऐकली असेलही. तिच्यापर्यंत फक्त त्याची हलणारी मान पोचली. तिनं कवठ्याला पत्र टाकलं होतं, ते आम्ही निघाल्यावर घरी आलं. म्हणजे मी इकडं तिच्यासाठी जळत होते तेव्हा ती तिकडं आमच्यासाठी जळत होती. घरात कुणीतरी गेलं आणि मला कळवत नाहीत, अशी तिची खात्री झाली होती. त्यातच ती आजारी पडली.

आबा दारातच उभे होते. त्यांनी सगळी खोली बघून घेतली. मग मला म्हणाले, "तिला सांग, कपडे भर. घरी चल म्हणावं."

मी खूण केली. सुमीनं नाही म्हटलं.

"का न्हाई? हितं कोण हाय तिचं? आसं आजारात मरून पडली तर कुणाला कळंल? तिला वरडता तरी येतंय का? सांग तिला."

मी सांगितलं. लहानपणापासून या दोघांच्या मध्ये मीच होते, पण त्या दिवशी हात जड झाले होते. आबांचा प्रत्येक शब्द माझाही होता.

सुमी उठून बसली. तिनं उशाखालून एक कापडाची लांब पट्टी काढली, कारखान्यातल्या चिंध्या जोडून शिवलेली. एक टोक आपल्या मनगटाला गुंडाळलं. दुसरं टोक जयम्मानं आपणहून पुढं होऊन स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं. सुमी आडवी झाली आणि तिनं हात जरासा ओढला. जयम्मानं लगेच उठून पाण्याचा तांब्या घेतल्यासारखं केलं, सुमीच्या पाठीला हात लावला, ओकारीसाठी भांडं धरलं. मग दोघी आमच्याकडं बघत राहिल्या. आजार सुरू झाल्यापासून त्या अशाच झोपत होत्या.

आबा पुढं आले. खाली बसले. ती पट्टी हातात घेऊन त्यांनी तिची शिवण अंगठ्यानं दाबून बघितली, एकदा ओढून बघितली. जयम्मा हसली आणि तिनं उलटी ओढली.

सुमीनं मला खूण केली, आबांना सांग म्हणून. मग सावकाश, आमच्या अंगणातल्या जुन्या खुणांनी बोलली: घरी तू होतीस तेव्हा बोलायला एक माणूस होतं. तू गेलीस, एकही नाही. इथं सगळ्या आहेत. मी भांडते. मी गोष्टी सांगते. मला मुकी म्हणत नाहीत.

मी आबांना शब्दशः सांगितलं. काही गाळलं नाही, काही भर घातली नाही. मला तिला उचलून घरी न्यायचं होतं, आणि माझ्याच तोंडून मी तिला तिथं ठेवत होते.

आबांनी पट्टी हातातून सोडली. मग म्हणाले, "तिला म्हणावं, तेलकट खाऊ नगंस."

तिच्या डोळ्यांतला पिवळेपणा उतरेपर्यंत आम्ही राहिलो. मी भात रांधायचे, जयम्मा आणि दुसरी मुलगी कामावरून आल्या की सगळ्या मिळून जेवायच्या आणि मग ज्या गप्पा सुरू व्हायच्या! हात, भुवया, खांदे, सगळी खोली हलायची. आवाज म्हणाल तर बांगड्यांचा. मला काही कळायचं नाही. सुमी मधून मधून माझ्याकडं वळायची आणि आमच्या खुणांत मला थोडक्यात सांगायची, जसं मी तिला आयुष्यभर थोडक्यात सांगत आले होते. माझ्या बहिणीची एक अख्खी भाषा होती आणि त्यात मी पाहुणी होते. अभिमान वाटत होता, आणि वाईटही.

परत आलो तेव्हा आई दारातच होती. तिनं आमच्या मागं रस्त्यावर बघितलं. मग आबांकडं बघितलं. "कुठाय ती? काय सांगितलं हुतं मी तुमाला?"

आबांनी घोंगडी खुंटीला लावली. म्हणाले, "तिथं ती बोलती. हितं गप बसती. मग आणून काय करू?" आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मला विचारलं, "ती काळी पोर जेवाया घालती का गं तिला नीट?"

खुटबावला मधल्या काळात वळीव येऊन गेला होता. बराचसा कांदा सासूबाईंनी आणि नवऱ्यानं झाकून वाचवला होता, कडेचा सडला. त्याचा वास घरभर होता. कुणी मला बोल लावला नाही.

काळजी गेली असं मात्र झालं नाही. माणूस सुखात आहे हे डोळ्यांनी बघून आलं तरी लांब ते लांबच. पुढं सुमीनं मोबाईल घेतला, मलाही घ्यायला लावला. इंग्रजी अक्षरांतलं मराठी लिहायला मी पोराकडून शिकले. तिनं त्याच कारखान्यात कापड कापणाऱ्या, तिच्यासारख्याच मुलाशी लग्न केलं. हुबळीकडचा आहे. लग्नात आबा व्याह्यांशी हातवाऱ्यांनी पावसापाण्याचं बोलत होते आणि त्यांना वाटत होतं की आपल्याला सगळं येतं.

आणि आता यंदाचा कांदा. सुमीचे दिवस भरत आले आहेत. ती इकडं बाळंतपणाला यायला तयार नाही. आई रोज मला विचारते आणि मी रोज तेच मनात विचारते: दोघंही ऐकू न येणारी, बाळ रडलं तर कुणाला कळणार? काल मी न राहवून तिला तसंच लिहून पाठवलं. असं विचारू नये, असं वाटून गेलं.

उत्तर आज दुपारी आलं, मी वाफ्यात असताना. हात पातीनं चिकट झालेले, पदराला पुसून वाचलं. तिनं लिहिलं होतं: "बाळ माझ्या छातीवर झोपेल. रडलं की छाती हलते. जयम्माच्या बाळाला घेऊन बघितलं मी. तू काळजी करू नको म्हणत नाही. कर. पण ये."

मी फोन कमरेला खोचला. ऊन चढलं होतं, शेजारची बाई तिच्या ओळीतल्या कांद्यांवर पात पसरत होती. मी चिकट हात तसाच छातीवर ठेवला आणि हळूच हाक मारली, "सुमे." तळव्याखाली काहीतरी थरारलं. मी पुन्हा हाक मारली. मग जरा मोठ्यानं. बाईनं वळून बघितलं, "कुणाला हाका मारताय, ताई?"

"बहिणीला," मी म्हटलं. आणि घराकडं निघाले, पिशवी भरायला.